चार काटे

गूळ मार्केटातून चार काटे आणले उसने,
भूपालअण्णांच्या अडतीवरनं, फक्त रविवारपुरते.
एकेका चाकाखाली एकेक.
काट्यांच्या पत्र्याला अजून गुळाचा चिकटा.
मुंग्या टायरवर चढल्या,
हिंडून बघितलं,
परत उतरल्या.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये
गाडी म्हणजे अजून नुसता सांगाडा.
चौकोनी पाइप, जुन्या मारुतीचं इंजिन, दोन सीटा,
आणि शॉकच्या जागी सागवानी ठोकळे.
त्यांच्यावर ती उभी आहे दीड वर्ष,
न दबता, न उसळता,
फोटोसाठी श्वास धरल्यासारखी.

दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
"आधी वजन सांग, मग स्प्रिंगचं बोलू.
पोरं रंग बघून घेत्यात. पिवळी पायजे, लाल पायजे.
अगं, भांडं बघून झाकण घ्यावं."
चाळीस वर्षं तार गुंडाळलेला हात
त्यांनी हवेत वर-खाली केला:
"कडक स्प्रिंगला मऊ शॉक लावलास
तर एका खड्ड्यावर उडालेली गाडी
तीन गल्ल्या नाचत जाईल.
मऊ स्प्रिंगला कडक शॉक लावलास
तर खड्ड्यात बसली की बसली.
वर यायच्या आत दुसरा खड्डा.
आणि खड्ड्यांना आपल्याकडं तोटा न्हाई."

मग प्रेसखाली एक स्प्रिंग ठेवली.
दहा मिलिमीटर दबायला तीस किलो.
वहीत लिहिलं. खाली रेघ मारली.
शॉक तिरका बसतो माझ्या गाडीत,
चाक इंचभर चढलं तरी तो पाऊण इंचही दबत नाही.
हा तोटा दोनदा धरायचा,
एकदा अंतरात, एकदा जोरात.
पहिल्यांदा मी एकदाच धरला होता,
म्हणून कपाटात नव्या कोऱ्या दोन स्प्रिंगा पडून आहेत,
साडेनऊ हजारांच्या.
आईला अजून सांगितलेलं नाही.

आता वजन.
उजव्या सीटवर मी. चोपन्न किलो, चपलांसकट.
डावी सीट आदगोंडाची.
पहिला पाइप त्यानं कापला होता, वाकडा,
तो वाकडेपणा अजून डाव्या कोपऱ्यात आहे,
वेल्डिंगच्या गाठीत लपवलेला.
गेल्या मे महिन्यात तो होसूरला गेला, कारखान्यात.
भांडण झालं म्हणावं तर झालं नव्हतं.
त्याच्या जागी मी गोणी ठेवली,
शेजारच्या फाउंड्रीतली जळकी काळी वाळू भरून,
अडुसष्ट किलो.
बेल्ट लावला तिला. घसरत होती.

मिस्त्री चारी काटे वाचून आले,
चष्मा कपाळावर ढकलला.
"एकटीच चालवणार हाईस न्हवं?
मग गोणी काढ. एकटीच्या वजनावर स्प्रिंग धर."

मी बाहेर जाऊन फोन लावला.
चौथ्या रिंगला उचलला त्यानं,
मागं कुठल्यातरी मशीनचा ठोका.
"वजन किती तुझं?"
"काय?"
"वजन. आत्ताचं."
तो हसला नाही.
"एकाहत्तर. मेसमध्ये भात लय असतो."
"बरं," म्हटलं.
येणार का, हे मी विचारलं नाही,
त्यानंही काढलं नाही.
थोडा वेळ दोघं त्या ठोक्याकडं कान देऊन होतो,
मग त्याची जेवणाची सुट्टी संपली.

आत येऊन गोणीचं तोंड सोडलं,
तीन किलो वाळू आणखी ओतली.
डावीकडचे दोन काटे हलले,
हलत राहिले,
थांबले.

"दोघांचं धरा," मी म्हटलं.
मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं.
"एकटी बसलीस तर गाडी उजवीकडं झुकंल.
थोडीच. पर झुकंल."

झुकू दे.
शेडच्या दारात टेम्पो येऊन थांबला होता,
भूपालअण्णांचा पोरगा हॉर्न वाजवत होता.
उद्या पहाटे सौदे आहेत,
काटे धुऊन द्यायचे कबूल केलंय.